तिरक्या नळीची जागा

मी एक जुनी पोलादी नळी आहे. चौकोनी, इंचभर रुंद, आतून पोकळ. माझा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर जाड. मित्रांनो, निपाणीत बाळगोंडा आप्पांच्या ट्रॉलीच्या कारखान्यात मी आले, तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. उसाच्या ट्रॉलीला लागतात त्या दोन इंची, जाडजूड नळ्या. मी कोपऱ्यात पडून होते आणि माझ्यावर हातमोजे वाळत असायचे.

आप्पांची मुलगी त्रिशला बेळगावला इंजिनिअरिंग शिकत होती. दोन माणसांची छोटी मोटार स्वतः बांधायची, असा तिला ध्यास लागला होता. आप्पांनी शेडमधली निम्मी जागा दिली, पण अट घातली.

"दसऱ्यापर्यंत सांगाडा धड उभा राहिला तर ठीक. न्हायतर जागा मोकळी कर. उसाचा हंगाम आला की ट्रॉल्यांची रांग लागत्या."

नळ्या आप्पांनीच निवडल्या. सगळ्या जाड. ट्रॉली दहा टन वाहते, मग मोटार काय चीज आहे, असा त्यांचा हिशेब. सांगाडा तयार झाला, तो चौघांनी मिळून उचलला. मागचे दोन कोपरे घट्ट बांधून त्रिशलाने पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला. तो कोपरा वर गेला; शेजारचा मात्र दोन बोटं खालीच राहिला. एवढं लोखंड घालूनही सांगाडा पीळ खात होता.

"आक्का, ह्याला इंजिन नको, बैलच जुंपा," वेल्डर शामू म्हणाला.

"अजून जाड आणूया," आप्पा म्हणाले. दसऱ्याला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी त्रिशलाने खराट्याच्या काड्या तोडल्या, शेजारच्या पद्मावती काकूंकडून विड्या बांधायचा दोरा आणला आणि चार काड्यांचा चौकोन बांधला.

"दाबा आप्पा."

आप्पांनी बोट लावलं. चौकोन कलंडला. तिने त्यात एक बारीक काडी तिरकी बांधली.

"आता दाबा."

आप्पांनी बोटाने दाबलं, मग अंगठ्याने. चौकोन हलला नाही.

"चौकोन कलंडतो. त्रिकोणाला कलंडायला वावच नसतो," ती म्हणाली.

"मग माझ्या जाड नळ्या फुकट व्हय गं?"

"न्हाय आप्पा. चाकं जिथं जोडायची, इंजिन जिथं बसवायचं, तिथं तुमच्याच. तिरक्या नळीला नुसता ताण नाहीतर दाब सोसायचा असतो. तिथं बारीक पुरत्या."

आप्पा उठले आणि कोपऱ्यातून मला स्वतः घेऊन आले.

"शामू, करंट कमी ठेव. पत्रा पातळ हाय, भोक पडंल."

माझ्याशी इतक्या हळुवारपणे त्या शेडमध्ये कुणी वागलं नव्हतं. मला कापलं, घासलं, समोरच्या चौकटीत तिरकं बसवलं. माझ्यासारख्या आणखी सातजणी इतर चौकटींत गेल्या. बऱ्याच जाड नळ्या उतरल्या. आता दोघांनाच सांगाडा उचलता येऊ लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जॅकचा दांडा आप्पांनी आपल्या हातात घेतला. एक कोपरा वर निघाला आणि त्याच्यासोबत दुसराही. माझ्या अंगातून ताण सरसरत गेला, पण मी सोडलं नाही. त्रिशलाने पट्टी धरून दोनदा मोजलं.

आप्पांनी शाबासकी दिली नाही. एवढ्यात दुरुस्तीची पहिली ट्रॉली दारात आली. ड्रायव्हरला ते म्हणाले, "बाहेर चिंचेखाली लाव. आत पोरीची गाडी हाय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मोटार माळावर खूप धावली. त्रिशला नोकरीला आहे, सणाला येते. माझा रंग खालच्या जोडापाशी उडालाय आणि तिथे चिखल धरला की गंज चढतो. पातळ पत्र्याला तो लवकर खातो.

मित्रांनो, मोटार पुसताना दिव्यांवर आणि बॉनेटवर सगळ्यांचेच हात फिरतात. तुम्ही पुसाल तेव्हा जरा खाली वाका. कुठेतरी एखादी बारीक, तिरकी नळी चिखलात उभी राहून अख्खी गाडी सरळ धरत असेल. आधी तिला पुसा.