स्थळप्रत

सीताराम ओव्हाळांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी दुधाची पिशवीसुद्धा ते आवक रजिस्टरला नोंदवूनच घरात घेतात, असं विश्रांतवाडीत म्हणत. त्यामुळे हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत असलेला त्यांचा मुलगा प्रज्ञेश जेव्हा म्हणाला, "बाबा, रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकतो," तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "काय काय बदलणार? लेखी दे."

पोरगं वैतागलं, पण दिलं. चांगले दहा मुद्दे. पडदा वेगळा दिसेल, घाबरू नये. जुन्या फायली सुरक्षित राहतील. मुद्दा सात: मराठी आता आतच येते, वेगळा फाँट लागणार नाही. सीतारामरावांनी खाली शेरा मारला, "पाहिले. स्थळप्रतीचे काय?" स्थळप्रत म्हणजे पाठवलेल्या पत्राची कचेरीत ठेवायची नक्कल. तीस वर्षांत त्यांनी ती एकदाही चुकवली नव्हती.

"सगळं सीडीवर घेतलंय हो बाबा. कागदाचे दिवस गेले," प्रज्ञेश हसला.

सीतारामरावांचा जीव अडकला होता तो बायकोच्या, सुंदराबाईंच्या गाण्यांत. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी स्वतः रचलेली, चांगली बासष्ट. दोन वर्षं त्या सांगत होत्या आणि हे टाइप करत होते. सोमवारी ती प्रेसमध्ये द्यायची होती. बुद्धपौर्णिमेला विहारात पुस्तक निघणार होतं.

रविवारी दुपारी नवी सिस्टीम झोकात सुरू झाली. प्रज्ञेशनं गाण्यांची फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं यांची नुसती भेळ!

"फाइल आहे बाबा," तो चाचरला. "जुना फाँट गेला, त्याच्याशिवाय हे मराठीत दिसत नाही. तो सीडीवर घेतलाच नव्हता. मला वाटलं, आता लागणारच नाही."

तो फाँट बुधवार पेठेतल्या एका दुकानातून फ्लॉपीवर आणला होता. फ्लॉपी केव्हाच खराब झाली होती, आणि त्या दुकानात आता मोबाइल विकत होते.

"शाब्बास! सरकारी खात्यात असतास तर एव्हाना निलंबित झाला असतास," सीतारामराव म्हणाले. आपणही एक छापील प्रत काढून ठेवली नाही, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सुंदराबाई पदराला हात पुसत आल्या. वाकून पडद्याकडे पाहिलं.

"काय झालं? मला तर पहिल्यापासून असंच दिसतंय."

आता ही गाणी कुणालाच वाचता येणार नाहीत, हे प्रज्ञेशनं आईला सांगितलं.

"अहो, तोंडं काय पाडून बसलाय? गाणी तिथली गेली, मी कुठं गेलेय? प्रज्ञेश, लिही."

त्या गाऊ लागल्या आणि प्रज्ञेश नव्या मराठीत टाइप करू लागला. आईची गाणी त्यानं अशी बसून कधी ऐकलीच नव्हती. नववं गाणं आलं:

"लेक चालला शाळेला, पाटी पुसते पदरानं,
एक अक्षर मलाही शिकवीन म्हणे आदरानं."

प्रज्ञेशची बोटं थांबली. "आई, मी म्हणालो होतो असं?"

"दुसरीत होतास. लिही पुढं, उद्या द्यायचंय."

तो उठला आणि आईला खुर्चीत बसवलं. नव्या मराठीत 'अ' काढायला दोन बटणं एकदम दाबावी लागत. एक त्यानं दाबून धरलं. दुसऱ्यावर सुंदराबाईंनी भीत भीत बोट ठेवलं.