राखेनं घासलेली काच

मी दवाखान्याच्या छपरावरून बोलतोय. सौर पॅनल आहे मी. गावात मला ‘प्लेट’ म्हणतात. आपण उन्हात होरपळायचं आणि खालच्यांना गारवा द्यायचा, असलं माझं नशीब!

सरकारी संशोधन निधीतून चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत ज्योत्स्नाबाईंनी माझ्या काचेवर धूळ न धरणारा नवा लेप चढवला. आधी माजरीच्या खाणीवर कोळशाच्या धुळीत उभं केलं. तिथं मी पास झालो. मग गडचिरोलीच्या जंगलातल्या या गावी आलो. माझ्या विजेवर सापाच्या औषधाचा फ्रीज चालायचा.

ज्योत्स्नाबाई दर महिन्याला नोंदी घ्यायला यायच्या. लेप अजून कच्चा होता. पुढच्या टप्प्यात तो पक्का करायचा होता. शेवटच्या खेपेला त्या दवाखाना झाडणाऱ्या नीलाबाईला म्हणाल्या, “हिला जपा हं. कसं पुसायचं ते पुढच्या वेळी दाखवते.”

पुढची वेळ आलीच नाही. कुठल्याशा कचेरीत कागद अडला आणि निधी थांबला.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात. त्या धुरानं मी काळवंडलो. नीलाबाई शिडी चढून आली.

“काऊन वो, तोंड काळं करून बसली? मॅडम आली त मले काय म्हणन?”

तिनं चुलीतली राख आणली, धानाच्या तणसाचा बोळा केला आणि घरच्या भांड्यांसारखं मला लख्ख घासलं. मग रोजच घासू लागली. काय माया होती त्या हातांत! पण कच्चा लेप खरवडून निघाला, ओरखड्यांत काजळी बसली. वीज उतरत गेली आणि फ्रीज कोमट पडला.

पावसाळ्यात धानाच्या बांधीत तिच्या लेकीला, मैनाला, नाग चावला. तिला दवाखान्यात आणलं. तिथल्या सिस्टरनं घाईघाईनं फ्रीज उघडला. औषध गढूळ झालं होतं.

“बाई, हे टोचता येत नाई,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

नदीला पूर होता. पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेताना डोंग्यात, त्या लाकडी होडीतच, मैना गेली.

मला नीलाबाईचा राग नाही. राग आहे तो त्या अडलेल्या कागदाचा. ‘राख लावू नका’ एवढंच सांगायला एक माणूस यायला हवा होता.

फ्रीज आता बंदच आहे. तरी नीलाबाई रोज राख घेऊन वर येते. “मैना गेली. तू तरी नीट राह्य, माय,” म्हणते आणि घासते.

ज्योत्स्नाबाई, कधी निधी मिळून आलात, तर माझे ओरखडे मोजा, लेपाचं काय चुकलं ते लिहा. पण ओरखडे कशानं पडले, हे नीलाबाईसमोर बोलू नका.