खण चुकलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, आणि तोही अर्धाच. माझं बालपण डोंगराच्या पोटात गेलं. तांबं, शिसं, जस्त आणि कणभर सोनं अशी सगळी मंडळी माझ्यात गुण्यागोविंदाने नांदत होती. एके दिवशी ड्रिलची पोकळ नळी खाली उतरली आणि मला लाटण्यासारखा गोल, शेजाऱ्यांपासून तुटलेला असा वर घेऊन आली.

वर कौमुदीताई होत्या. नुकतीच नोकरी लागलेल्या भूवैज्ञानिक. त्यांनी मला पाण्याने पुसून जमिनीखालच्या खोलीप्रमाणे आखलेल्या पेटीत, माझ्या खणात ठेवलं. मग पाहुणे आले. मला हातोहात मिरवलं, आणि परत ठेवताना कोणीतरी वरच्या, कमी खोलीच्या खणात टाकलं. तसाच मी उभा चिरला गेलो. अर्धा भाग प्रयोगशाळेत दळला गेला. त्यात सोनं निघालं तेव्हा काय कौतुक झालं माझं! पण पुढची भोकं त्या चुकीच्या खोलीपर्यंतच पाडली. हाती काहीच लागलं नाही. डोंगर खोटा ठरला, काम बंद पडलं, आणि मी बडोद्याला गोत्रीपलीकडच्या गोदामात धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं.

परवा गोदाम रिकामं करायचं ठरलं. आम्ही सगळे खड्ड्यात भरावाला जाणार होतो. नव्या भूवैज्ञानिक दीप्तीने शेवटचं म्हणून पेट्या उघडल्या, आणि शहरातल्याच वाडी भागात राहणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या कौमुदीताईंना बोलावून घेतलं.

"मॅडम, जुओ ना, बघा, ह्याची तुटकी कड शेजारच्याशी जुळतच नाही. खालच्या खणातल्याशी बराबर बसते."

ताईंनी मला खालच्या खणात ठेवलं. कड कडेला भिडली. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे डोंगराने फसवलं नव्हतं गं. आपणच वर थांबलो."

"आता ह्याला आखाच दळायला पाठवू?"

"सगळा नको, बेटा. निम्मा ठेव. तुझ्यानंतरही कोणाला तरी शंका येईल."

भराव टळला, पेटी मांडणीवर परतली. माझ्या डोंगरात पुन्हा ड्रिल लागेल की नाही, मला ठाऊक नाही. मित्रांनो, दगड आवडला तर जरूर हातात घ्या, मायेने पुसा. पण जिथून उचलला तिथेच परत ठेवा. आम्हांला आमची जागा सांगता येत नाही. उद्या मी पुन्हा चिरला जाणार आहे, आणि या खेपेला मला मुळीच भीती वाटत नाही.