तक्त्यातून खोडलेली ओळ

ललितने आजवर दुकानात शेकडो कोटेशनं केली असतील, पण आधारभाऊंसाठी केलेला तक्ता म्हणजे त्याच्या अकलेचा कळस. निदान तेव्हा त्याला तसं वाटलं होतं. आज त्या तक्त्याचं नाव काढलं तरी तो विषय बदलतो.

तीन वर्षं झाली त्याला. जळगावला पिंप्राळ्यात त्याने कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलेलं. गिऱ्हाईक म्हणाल तर मोबाइलचा चार्जर मागणारं, नाहीतर झेरॉक्स मिळेल का विचारणारं. अशात आधारभाऊंचा फोन आला. आधारभाऊंचा धुळ्यात देवपूरला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. ललित धुळ्याला पॉलिटेक्निकला असताना दोन वर्षं त्यांच्याच माडीवरच्या खोलीत राहिला होता, आणि भाड्याचं म्हणाल तर दिलं तर दिलं, नाही तर नाही. असा माणूस.

"ललित, पंधरा वर्षांची लग्नं पडली आहेत बघ माझ्याकडे. हार्डडिस्का आता घरघर करायला लागल्या. काय करू सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते! या एका वाक्यावर माणूस सुधारायला हवा. ललित बिघडला.

आता लग्नाचा व्हिडिओ म्हणजे काय, ते सांगायला हवं. घरच्यांना पेनड्राइव्हवर जी फिल्म मिळते तिच्यात हळदीपासून पाठवणीपर्यंत नुसती गाणी टाकलेली असतात. माणसं बोलताना दिसतात, पण ऐकू येतात ते गायक. खरे आवाज राहतात ते मूळ शूटिंगमध्ये, आणि ते बहुतेक स्टुडिओवाले वर्षभरात पुसून टाकतात. आधारभाऊ पुसत नसत. घरातलं कुणी गेलं की माणसं कधी ना कधी आवाज शोधत येतात, हे त्यांनी बघितलं होतं. आले की ते काढून देत, आणि त्याचा एक पैसा घेत नसत.

तर ललितने तक्ता केला. एका बाजूला फिरत्या तबकडीच्या डिस्क, दुसऱ्या बाजूला फ्लॅशच्या, म्हणजे ज्यांच्यात काहीच फिरत नाही, नुसत्या चिपा असतात त्या. आठ टीबी साठवायचं होतं. खरा हिशोब सरळ होता. नवीन फ्लॅश चव्वेचाळीस हजार, फिरती सोळा हजार. कपाटात ठेवून द्यायच्या मालासाठी फिरतीच घ्यायची आणि दोन घ्यायच्या, एक बिघडली तर दुसरी. बत्तीस हजारात विषय संपला. पोराटोरालाही कळेल.

पण ललितकडे नाशिकच्या एका कंपनीच्या भंगारात निघालेल्या लॅपटॉपमधल्या सोळा फ्लॅश डिस्क पडून होत्या. अर्ध्या अर्ध्या टीबीच्या, नऊशेला एक अशा घेतलेल्या, चांगल्या चार-पाच वर्षं रगडलेल्या. त्या चौदाशेने लावल्या की बावीस हजार चारशे. मग पठ्ठ्याने फिरत्या डिस्कच्या रकान्यात दुसऱ्या कॉपीचा खर्च धरला, वीज धरली, खोलीतला कूलर धरला, पाच वर्षांनी बदलायचाही खर्च धरला. फ्लॅशच्या रकान्यात यातलं काहीच नाही. शेवटी खाली जाड अक्षरात बचत लिहिली.

त्या तक्त्यात शेवटची एक ओळ होती. बंद ठेवल्यास टिकणे. फिरतीसमोर त्याने लिहिलं होतं, बरीच वर्षं. फ्लॅशसमोर लिहिलं होतं, वापरलेली असेल तर अधूनमधून वीज द्यावी, गरम जागी ठेवू नये. कारण चिपांमध्ये साठवलेलं हळूहळू गळतं, आणि उकाड्यात फार लवकर गळतं, हे त्याने वाचलेलं होतं. ओळ पाहून तो थोडा वेळ बसला. मग त्याने ती खोडली. इतकं कुठे होतंय, असं स्वतःला सांगून मोकळा झाला.

वर एक्स्चेंजही केलं. आपल्याकडे फ्रिज घेतला तरी जुना देऊन नवा घ्यायची सवय, तसं आधारभाऊंनी जुन्या पाच हार्डडिस्का ललितच्या हवाली केल्या आणि तीन हजार कमी करून घेतले. ललितने त्यांतलं शूटिंग फ्लॅशवर उतरवलं, त्या कोऱ्या केल्या आणि सीसीटीव्हीच्या मशिनांत बसवून विकल्या. म्हणजे परतीची वाटसुद्धा त्यानेच स्वतःच्या हाताने बुजवली. आधारभाऊंनी सोळा डिस्क रुमालात गुंडाळून माडीवरच्या लोखंडी कपाटात ठेवल्या. वर पत्रा. धुळ्याचा मे महिना. असे तीन उन्हाळे गेले.

या जूनमध्ये सोनगीरच्या भिकुबाई आधारभाऊंकडे आल्या. त्यांचा मुलगा कुंदन मागच्या वर्षी महामार्गावर अपघातात गेला. मोटरसायकलसोबत मोबाइलचाही चुरा झाला. मागे बायको रूपा आणि चार वर्षांची पोरगी. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं आणि भिकुबाईंचं मागणं एवढंच होतं की लग्नात कुंदनने बायकोचं नाव घेतलं होतं, ते एकदा ऐकायला मिळावं. पोरीला बापाचा आवाज आठवत नव्हता.

आधारभाऊंनी डिस्क लावून बघितल्या आणि ते सोळाच्या सोळा पिशवीत घालून तडक जळगावला आले. अकरा उघडल्या. पाच उघडेनात, आणि कुंदनचं लग्न त्या पाचांत होतं. ललितने नवा संगणक लावला, जुना लावला, पुण्याला माहितगारांकडे पाठवून पाहिलं. आठ दिवसांनी निरोप आला की फाइलची नावं आहेत, आत काही नाही.

"असं कसं झालं?" आधारभाऊंनी विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. ललित म्हणाला, "उष्णतेने होतं भाऊ असं. पत्र्याखाली ठेवायला नको होत्या."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट. आधारभाऊ स्वतःच्या कपाळावर हात मारून बसून राहिले. "माझीच अक्कल," म्हणाले. "खालच्या खोलीत जागा होती रे."

ललितला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोला म्हणाला, पित्त झालंय. दोन दिवस त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली की डिस्क काय, कुणाचीही जाते. ती काही पटेना. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तो धुळ्याला गेला. आधारभाऊ सोनगीरला निघण्याच्या तयारीत होते. भिकुबाईंना फोनवर सांगायचं नाही, समोर जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ललित त्यांच्या स्कूटरवर मागे बसला.

भिकुबाईंनी ओसरीत सतरंजी टाकली आणि अहिराणीत म्हणाल्या, "बठा भाऊ. रूपा, पानी लई ये वं." पोरगी आजीच्या पदराला धरून उभी होती. आधारभाऊंनी पाण्याला हात लावला नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"अक्का, लग्नाचं काही राहिलं नाही. माझ्या हलगर्जीपणाने गेलं. उन्हात ठेवलं मी. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

रूपा दारातच थांबली. भिकुबाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मना पोऱ्यानी नाव लिधं व्हतं, तव्हय बठ्ठा हासनात. काय बोलना व्हता ते माले याद नही." सगळे हसले होते, एवढंच त्यांना आठवत होतं. त्या रूपाकडे बघायला लागल्या. रूपाने मान हलवली. तिलाही आठवत नव्हतं. लग्नाच्या गडबडीत कोण लक्षात ठेवतं? ऐकायला मिळेल कधीही, असंच तिलाही वाटलं असणार.

आधारभाऊंची मान खाली गेलेली ललितला बघवेना. साठीचा माणूस, ज्याने कुणाच्या आवाजाचे पैसे घेतले नाहीत, तो ललितच्या वाटणीची मान खाली घालून बसला होता.

"मावशी, त्यांची चूक नाही," ललित म्हणाला. "डिस्क मी दिल्या. जुन्या दिल्या. असं होऊ शकतं हे मला ठाऊक होतं. मी लिहून खोडलं. चूक माझी आहे."

मनावरचं ओझं उतरेल, असं त्याला वाटलं होतं. भिकुबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत, आणि तो असता तर ललितला बरं वाटलं असतं.

"मंग आते येई का त्याना आवाज?"

"नाही," ललित म्हणाला.

"मंग चूक तुनी शे का आधारभाऊनी शे, ते लिसन मी काय करू?" ते घेऊन त्यांना काहीच करायचं नव्हतं. त्यांनी पोरीला उचलून घेतलं आणि त्या आत गेल्या. रूपाने तरीही चहा आणला. दोघांनी तो प्यायला, कारण नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

परतताना नगावच्या अलीकडे आधारभाऊंनी स्कूटर कडेला घेतली. ललितला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर त्याने गाल पुढे केला असता.

"त्या वापरलेल्या आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आधारभाऊ म्हणाले. "लेबलं खरवडलेली होती. मी इतकाही अडाणी नाही."

"मग घेतल्या कशाला, भाऊ?"

"तुझं दुकान नवं होतं. म्हटलं, निघू दे पोराचा माल. चालतील तेवढी चालतील, आणि काही जपायचं असेल तर तो सांगेलच." ट्रक जाईपर्यंत ते थांबले. "अरे, महिन्यातून एकदा लावून ठेव भाऊ, एवढंच म्हणायचं होतंस. मी रोज लावल्या असत्या."

ललित स्कूटरवरून उतरला.

"मी विचारायला हवं होतं," आधारभाऊ म्हणाले. "विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस ना?"

त्यांना फक्त हो ऐकायचं होतं, हे ललितला समजत होतं. पण त्या दिवसांत आपण कसे होतो हे त्याला चांगलं आठवत होतं, आणि त्याला हो म्हणता येईना. आधारभाऊंनी स्कूटरला किक मारली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "बस. तुला स्टँडवर सोडतो."