काट्याचा मीटर

“डब्यातच खोट होती, सिस्टर. हल्ली मालच असा येतो,” मिस्त्री म्हणाले आणि जळलेला रेग्युलेटरचा डबा त्यांनी बाकावर आपटला.

“मागचाही असाच जळला होता,” सिस्टर म्हणाल्या. “आठ दिवसांत दोन डबे जळले आणि मी रस्त्यात तीनदा उभी राहिले. परवा भाऊ मागच्या सीटवर दीड तास बसून होता. त्याचा डायलिसिसचा नंबर गेला, मिस्त्री. रात्रभर धाप लागली होती त्याला.”

आवाज अजिबात चढला नव्हता, आणि मिस्त्रींना नेमकं तेच लागलं. सिस्टर पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या. समोरचा सबबी सांगू लागला की आधी शांतपणे ऐकून घ्यायचं, ही त्यांची जुनी सवय.

“आज दोन वाजता त्याला न्यायचंय. नाही जमलं तर तसं सांगा. मी दुसरीकडे दाखवते.”

“दुसरीकडे कशाला? साडेबाराला या आणि घेऊन जा,” मिस्त्री म्हणाले.

पण सिस्टर गेल्या नाहीत. गॅरेजच्या दाराशी स्टूल ओढून बसल्या.

मिस्त्रींनी गाडीचं बॉनेट उचललं. वयाने ही गाडी त्यांच्याहून मोठी. सिस्टरच्या वडिलांच्या काळापासून तिची वायर न् वायर मिस्त्रींच्याच हातची. बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडायचे, “अरे बापरे” म्हणायचे आणि मिटवून टाकायचे. त्यात हिचं सगळंच उफराटं. इतर गाड्यांत बॅटरीची वजा बाजू गाडीच्या अंगाला, म्हणजे पत्र्याला जोडतात, हिच्यात अधिक बाजू. बॅटरी भरायला अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो. दहा दिवसांपूर्वी मिस्त्रींनी तो खोलून आतली तार नव्याने भरली होती, आणि दुखणं सुरू झालं ते तेव्हापासून. हे त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण एकेचाळीस वर्षांत त्यांनी भरलेला डायनॅमो परत आला नव्हता, तेव्हा खोट मालातच असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

“बाबा, मी बघू का?” पुढच्या अर्ध्या गॅरेजातून मुलीने विचारलं. ती नव्या गाड्या बघायची.

“तुझा तो स्कॅनर लावणार कुठे हिला? हिला ना कॉम्प्युटर, ना भोक.”

“मग तुमच्या पोतडीतलं काहीतरी काढा.”

“काढतोच आहे.”

मडगार्डवर फडकं अंथरून त्यांनी हत्यारं मांडली. दोन वायरींचा साधा बल्ब, मुलीने वाढदिवसाला दिलेला आकड्यांचा मीटर आणि आपला जुना, काट्याचा, जेवणाच्या डब्याएवढा. मग डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडवल्या, त्याची दोन्ही टोकं तारेने एकमेकांना जोडली आणि इंजिन सुरू केलं. आधी बल्ब लावला. लख्ख पेटला.

“बघा सिस्टर, वीज येतेय.”

“वीज तर परवाही येत होती ना?”

मिस्त्रींनी आकड्यांचा मीटर उचलला. लाल टोक गाडीच्या अंगाला, काळं डायनॅमोला. या गाडीत असंच लावायचं, त्यात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं. मीटर आधी हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला.

“चौदा. डायनॅमो ठणठणीत आहे.”

हात पुसत मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. तिने मीटरकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

“बाबा, काट्याचा लावून बघा ना.”

“का? हा दाखवतोय की चौदा.”

“जुन्या डायनॅमोला काट्याचाच बरा, आकडे नाचतात, असं तुम्हीच म्हणता.”

म्हणत होते खरे. कुरकुरत त्यांनी जुना मीटर लावला, तसाच, लाल अंगाला, काळं डायनॅमोला. इंजिन जरा वाढवलं. काटा उजवीकडे चढायला हवा होता. तो सटकन डावीकडे गेला, शून्याच्याही मागे, आणि खुंटीला टेकून तिथेच थरथरत राहिला.

मिस्त्रींनी वायरी पुन्हा चाचपल्या. बरोबर होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं.

डायनॅमो नव्याने भरला की बॅटरीचा एक झटका देऊन वीज कुठल्या बाजूने सोडायची, ते त्याला शिकवावं लागतं. मिस्त्रींनी तो झटका दिला होता बाकावरच्या बॅटरीने. ती बॅटरी नवी. जुनीची अधिक बाजू डावीकडे असायची, नवीची उजवीकडे होती. त्यांनी खूण पाहिलीच नव्हती, सवयीने हात गेला तिथे वायर लावली होती. डायनॅमो उलटं शिकला. बॅटरी एकीकडे ओढणार, डायनॅमो दुसरीकडे, आणि मधल्यामध्ये बिचारा डबा जळणार. बल्बला काय, वीज कुठूनही आली तरी तो पेटतो.

“त्या आकड्यांच्या मीटरवर,” ते हळूच म्हणाले, “चौदाच्या आधी वजाची खूण होती?”

“होती.”

“तुला दिसली?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“सिस्टर बसल्या होत्या, बाबा.”

मिस्त्रींना आधी राग आला, मग लाज वाटली आणि त्याच्याखाली जी होती ती शुद्ध भीती. वर्षभर ते वेळ मारून नेत होते. ट्यूबलाइट मंद आहे, चष्मा घरी राहिला, या वायरींचे रंगच हल्ली कच्चे येतात. सगळ्यांना पटायचं. त्यांनाही पटायचं. दिसत नाही म्हटलं तर हे बाक, हे फडकं, सगळं संपलं. आणि अजूनही सांगायची गरज नव्हती. उलटं शिकलेला डायनॅमो सुलट करायला एक ठिणगी पुरते. करायचं आणि म्हणायचं, माल बदलला.

पण मागच्या सीटवर दीड तास बसलेला माणूस काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

ते दाराशी गेले.

“सिस्टर, माल चांगला होता. चूक माझी झाली. बॅटरीची बाजू मला दिसली नाही.”

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “कधीपासून दिसत नाही?”

“वर्ष झालं.”

“तरीच. परवा पडलेला स्क्रू तुम्ही हाताने चाचपत होता, समोर पडला होता तरी.” त्या स्टुलावरून उठल्या. “सोमवारी डोळे तपासायला यायचं. मी नंबर लावते. तुमचं काही ऐकणार नाही. आणि गाडी का बंद पडत होती ते भावाला तुम्ही सांगायचं, मी नाही.”

“सांगतो.”

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या. गाडीच्याच बॅटरीवरून वायर आणली, डायनॅमोच्या टोकाला एक क्षण टेकवली, चट्‌ करून ठिणगी उडाली. वायरी परत जोडल्या. नवा डबा बसवला, सगळं बोटांनी, एकही स्क्रू न पाडता. मग इंजिन सुरू केलं आणि आकड्यांचा मीटर मुलीच्या हातात दिला.

“आधी खूण सांग, मग आकडा.”

“खूण नाही, बाबा. साडेचौदा.”

“झालं ना मग?” सिस्टर किल्ली घेत म्हणाल्या. “आता नक्की?”

“नक्की आहे. पण मी येतो बरोबर.”

हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते पुढे बसले. भावाला घरून उचललं, तेव्हा मिस्त्रींनी वळून, एका दमात, सगळं सांगून टाकलं.

“त्या दिवशी मी तुम्हाला फार शिव्या दिल्या, मिस्त्री,” भाऊ म्हणाला. “त्या काही मी परत घेत नाही.”

“नका घेऊ.”

डॅशबोर्डवर बॅटरीचा काटा होता, एवढासा, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. गाडी चालू लागली की तो उजवीकडे असायला हवा, म्हणजे बॅटरी भरतेय. मिस्त्री पुढे वाकले, त्यांना नुसती करडी चकती दिसली. ते मागे टेकले. पहिला सिग्नल सुटला.

“सिस्टर,” त्यांनी विचारलं, “काटा कुठल्या बाजूला आहे?”

“उजवीकडे.”

दुसऱ्या सिग्नलनंतरही त्यांनी विचारलं. तिसरा सुटला तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत सिस्टर रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, “उजवीकडे.”

पुढचा प्रत्येक सिग्नल सुटला की त्या तेवढंच म्हणत गेल्या. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत.