मरोळच्या मार्सेलिनाचं स्थळ

मार्सेलिनाला देवाचं स्थळ आलं आणि अख्खं मरोळ गावठाण खूश झालं. एक तिलाच काही ते पचेना.

देव म्हणजे खराखुरा हं! ग्रीकांचा अपोलो, सूर्याचा आणि औषधांचा देव. असा देव अंधेरीत काय करतोय, हे विचारायची अक्कल कुणाला? शर्लीमावशी त्याचे केस बघूनच गार. मार्सेलिनाचे पप्पा अँथनी, जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस, ते त्याला खुर्ची पुसून द्यायला लागले.

मार्सेलिना मात्र टपून बसलेली. ऑक्टोबरच्या उन्हात याला घाम कसा येत नाही? वय विचारलं तर हसतो. आधीच्या पोरींचं विचारलं तर शांतपणे सांगतो, "एक माझ्यापासून पळता पळता झाड झाली. दुसरीला माझ्या बहिणीने बाण मारला, मीच सांगितलं होतं."

"निदान खोटं तरी बोल रे!"

"मी खोटं बोलत नाही."

झालं, संशय दुप्पट. आणि बया त्याच्यावर जीवही टाकत होती, हीच तर पंचाईत.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, गावातली सगळी घरं आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. तिने त्याला बोलावलं. आईच्या कबरीवर एक मेणबत्ती लाव, एवढंच मागणं.

अपोलो फुलं घेऊन आला आणि सिमेट्रीच्या गेटशी थबकला.

"चल ना."

"मला आत येता येत नाही. मरणाजवळ आम्ही देव थांबत नाही."

"मी आजारी पडले तर?"

"औषध देईन."

"मरायला टेकले तर?"

"तेव्हा मला निघावं लागेल. तुझे डोळे मिटायच्या आधी."

"आणि इथे पुरायला आणतील तेव्हा?"

तो जराही न लाजता म्हणाला, "गेटपर्यंत येईन."

"गेटपर्यंत तर रिक्षावाला पण येतो रे!" ती किंचाळली. त्याच्या हातातली फुलं हिसकावून आत गेली.

आत अँथनी गुडघ्यांवर बसून बायकोची कबर घासत होते. पँट चिखलाने भरलेली.

"जावई कुठाय गं?"

"जावई नाही, पप्पा." आणि मग जी रडली म्हणता! प्रेम होतं हो तिचं.

अँथनींनी एकदा गेटकडे बघितलं, कचकचीत शिवी हासडली आणि सरकून तिला शेजारी जागा करून दिली.