उंचावरची शून्यं

डोंगरातल्या पासली गावाच्याही वरच्या वाडीत जायचं शैलजाबाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. भोरच्या कॉलेजात दिवसभर संख्याशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी रेटायची, हे आठ वर्षं चाललेलं. विषय सर्पदंश. भोर-वेल्ह्याच्या एकेचाळीस दवाखान्यांत दर महिन्याला साप चावलेले किती जण आले ते मोजायचं आणि त्या आकड्यांना सूत्र बसवायचं. ऐकायला सोपं, करायला घेतलं की नाकी नऊ.

नेहमीचं पॉयसाँ वितरण एकाच आकड्यावर चालतं. सरासरी कळली की कितीदा शून्य येणार, कितीदा एक, कितीदा दोन, सगळं आपोआप ठरतं. पण इथं शून्यंच मायंदाळ, सूत्राला हवीत त्याच्या तिप्पट. बाईंनी सात सूत्रं टाकून दिली. आठवं, तेही एकाच आकड्याचं, दिवाळीत असं चपखल बसलं की त्यांना चक्क रडू आलं. तो आकडा गावांच्या उंचीशी ताडून पाहिला आणि निष्कर्ष निघाला, गाव जितकं उंचावर तितके दंश कमी. वर गारठा, साप कमी असणार, असं बाईंनी लिहून टाकलं. कुठल्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन किती ठेवावं याचा तक्ताही शेवटी जोडला, आणि जिल्ह्याच्या साहेबांनी तो मागूनही घेतला. तक्त्यात उंचावरच्या दवाखान्यांपुढे एकही इंजेक्शन नव्हतं.

मग त्या मेल्या परीक्षकाने शेरा मारला, शून्यांची खातरजमा करा. म्हणजे गावोगाव फिरा आणि 'शून्य बरोबर आहे' अशा सह्या आणा! शून्यवाले दवाखाने तेवीस, त्यांतल्या बावीस सह्या झाल्या होत्या. दवाखान्यातल्या कारकुनांनी कागद न वाचताच त्या ठोकल्या होत्या, आणि बाईंनाही तेच बरं वाटलं होतं. ही शेवटची. नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्याहून जीप धरली, पुढे पायपीट केली, तर दवाखान्याला कुलूप. कुणीतरी सांगितलं, वाडीतल्या आशा सेविकेची सही चालत असेल तर त्या रतनबाई घरीच आहेत.

रतनबाईंनी कोरा चहा दिला, हात पुसले आणि कागद एकेक ओळ बोट ठेवून वाचला. ही वाचणारी पहिलीच. बोट ऑक्टोबरवर थांबलं.

"आमची नूतन ह्यात कुठं मांडलीया?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच शोधत होत्या.

नूतन त्यांची सून. भात कापताना पायाला डसलं. दवाखान्यात इंजेक्शन नसतं हे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून तिकडं कुणी वळलंच नाही. टेम्पोत घालून नसरापूरची वाट धरली आणि विंझरच्या अलीकडेच ती गेली. कुठल्याच वहीत तिची नोंद झाली नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंजेक्शन नाही म्हणून माणूस येत नाही, माणूस येत नाही म्हणून शून्य, आणि आता शून्य म्हणून इंजेक्शन नाही. हे शेवटचं तर बाईंनीच ठरवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षाही जास्त दमल्यासारखं झालं. सूत्र गेलं, आठ वर्षं गेली, त्या बावीस सह्यांचा आता काय भरवसा?

रतनबाईंना त्यांच्या तोंडावरूनच काहीतरी कळलं असावं. "मॅडम, तुमचं काम अडत आसंल तर करते मी सही," त्या म्हणाल्या. "आमचं जायचं ते गेलं."

त्यांनी पेन उघडलं. टोक कागदाला टेकलंसुद्धा. बाई बघत राहिल्या. एक सही, की सुटका. सोमवारी प्रबंध पुन्हा जमा, आणि मग नुसतं झोपायचं.

मग शैलजाबाईंनी कागद रतनबाईंच्या हाताखालून ओढून घेतला आणि पेन मागितलं. ऑक्टोबरचं शून्य खोडलं.

"वय काय होतं नूतनचं?"

"एकवीस." रतनबाई चुलीकडं वळल्या, पातेलं पुन्हा वर ठेवलं. "बसा, अजून चहा टाकते. तिच्या आदी चौघांना चावलं हुतं, त्येंची बी नावं घ्या."